घुमटातून माळावर: आकाशदर्शनाची वाट

अमावास्येजवळचा शनिवार आला की संध्याकाळच्या कर्जत लोकलमधून काही माणसं सतरंज्या, तारकानकाशे आणि दुर्बिणीची पेटी घेऊन बदलापूरपुढच्या वांगणीला उतरतात. टॉर्चवर लाल जिलेटीनचा कागद लावलेला असतो. अंधाराला सरावलेले डोळे पांढऱ्या उजेडाने क्षणात बिघडतात आणि पुन्हा सरावायला वीस-पंचवीस मिनिटं घेतात. रात्रभर आकाश बघायचं, पहाटेच्या गाडीने परतायचं. हे आता नेहमीचं झालं असलं, तरी सामान्य माणसाचा डोळा दुर्बिणीपर्यंत पोहोचायला महाराष्ट्रात बराच काळ जावा लागला.

1888 मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांची देणगी, खगोलशास्त्रज्ञ कावसजी दादाभाई नेगमवाला यांचा ध्यास आणि दुर्बिणी बनवणाऱ्या ग्रब यांनी घडवलेली 20 इंची दुर्बीण. एवढी मोठी दुर्बीण तेव्हा देशात दुसरी नव्हती. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाला नेगमवाला उपकरणं घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. पण सगळा डोलारा या एका माणसावर उभा होता. 1912 मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालच्या वेधशाळेत गेली. ती पुण्यातून गेली याची हळहळ मला आजही वाटते.

पुढचं पाऊल सरकारने नव्हे, हौशी मंडळींनी टाकलं. 1944 मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी खगोलप्रेमींची ही देशातली सर्वांत जुनी संस्था. टिळक स्मारक मंदिरातून तिचं काम चालत आलं, आणि 'आकाशदर्शन' हा जाहीर कार्यक्रम असू शकतो हे पुणेकरांच्या अंगवळणी पडलं. 1954 मध्ये टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये तारांगण आलं, 1977 मध्ये मुंबईत वरळीला नेहरू तारांगण.

पण खरी कलाटणी दिली ती हॅलेच्या धूमकेतूने. 1985-86 ची त्याची फेरी पृथ्वीवरून बघायला फारच प्रतिकूल होती. धूमकेतू सूर्याजवळ होता तेव्हा पृथ्वी सूर्याच्या पलीकडच्या बाजूला होती, त्यामुळे तो फिका दिसला. शहराच्या उजेडात तर सापडणंच कठीण. ज्याला बघायचा होता त्याला शहर सोडणं भाग होतं. याच सुमारास, 1985 मध्ये, मुंबईत खगोल मंडळ सुरू झालं आणि पुढे वांगणीच्या रात्री मुंबई-ठाण्याच्या कितीतरी मुलांसाठी पहिलं खरं आकाश ठरल्या. देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, नुसत्या डोळ्यांनी दिसते हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि कुणीतरी बोट धरून तो पुसट ठिपका दाखवणं वेगळं.

मात्र उजेड मागोमाग येतोच. बदलापूर वाढलं, तसं वांगणीचं क्षितिजही उजळत गेलं, आणि चांगल्या काळोखासाठी आणखी लांब जावं लागू लागलं.

म्हणून पेंचचं मोल मोठं. नागपूरजवळच्या या व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं क्षेत्र, म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा झोत खाली जमिनीकडे वळवण्यात आला.