शाळेचा मार्चिंग बँड आणि ड्रम कोअर: ऑडिशनला निघण्याआधी एवढं वाचा

दर हिवाळ्यात अमेरिकेतल्या मराठी पालकांकडून तोच प्रश्न येतो. "आमचा मुलगा शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये फर्स्ट चेअर आहे, ऑल-स्टेटलाही निवडला गेलाय. आता ड्रम कोअरची ऑडिशन देतोय, होऊन जाईल ना?" (फर्स्ट चेअर म्हणजे आपल्या वाद्यात पहिला नंबर, ऑल-स्टेट म्हणजे राज्यभरातून निवडलेल्या विद्यार्थ्यांचा बँड, आणि ड्रम कोअर म्हणजे काय ते पुढे येतंच.) या प्रश्नात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते आणि तिचा त्रास मुलांना होतो. पहिल्याच कॅम्पवरून ती तोंड पाडून परत येतात आणि "नापास झालो" म्हणून वाद्य कोपऱ्यात ठेवून देतात. कोअरच्या स्वयंपाकाच्या ट्रकमध्ये पोळ्यांऐवजी टॉर्टिया भाजत मी ही मुलं जवळून पाहिली आहेत. हा घोळ आता थांबायला हवा.

शाळेचा बँड, मैदानावर चालता चालता वाजवणारा, तुम्हाला माहीत आहेच. ऑगस्टमधला बँड कॅम्प, शुक्रवारी रात्री फुटबॉलचा हाफटाइम, शनिवारी स्पर्धा, बूस्टर्सच्या, म्हणजे बँडसाठी निधी जमवणाऱ्या पालकांच्या, स्टॉलवर नाचोज विकणारे आईबाबा. त्यावर जास्त लिहीत नाही.

ड्रम कोअर ही स्वतंत्र, ना-नफा तत्त्वावर चालणारी संस्था असते. तिचा कुठल्या शाळेशी संबंध नाही, फुटबॉलशी तर नाहीच. कॅलिफोर्नियातल्या काँकर्डचे ब्लू डेव्हिल्स, ओहायोतल्या कँटनचे ब्लूकोट्स, कॅरोलायना क्राउन, बॉस्टन क्रुसेडर्स ही यातली मोठी नावं. ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, या सगळ्यांच्या स्पर्धा भरवते. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली. आता फायनल दर ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये असते. वर्ल्ड (मोठ्या कोअरचा) आणि ओपन (छोट्या कोअरचा) या दोन क्लासमध्ये बावीस वर्षांच्या आसपास वयाची मर्यादा येते आणि मग कितीही चांगलं वाजवत असलात तरी थांबावं लागतं.

वाद्यांचा फरक दोन ओळींत संपतो. कोअरमध्ये ब्रास (ट्रम्पेट, ट्यूबासारखी पितळी वाद्यं), पर्कशन (ड्रम वगैरे तालवाद्यं) आणि कलर गार्ड (झेंडे फिरवत नाचणारा गट). क्लॅरिनेट, फ्लूट, सॅक्सोफोन नाहीत. नावात ड्रम असला तरी सर्वांत मोठा गट ब्रासचाच असतो. लोक हाच फरक सगळ्यात मोठा मानतात ते मला पटत नाही, कारण ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचा प्रसिद्ध मार्चिंग बँडही फक्त ब्रास आणि पर्कशनचाच आहे. तरी तो बँडच, कोअर नव्हे.

दोन्ही गोष्टी इतक्या सारख्या का दिसतात, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे. कोअरमधून बाहेर पडलेली मुलंच पुढे शाळांच्या बँडना शिकवतात. ड्रिल, म्हणजे मैदानावरच्या हालचाली, बसवणारे, ड्रमलाइनसाठी, म्हणजे ड्रमवाल्यांच्या गटासाठी, लिहिणारे बरेच जण उन्हाळ्यात कोअरकडे आणि उरलेलं वर्ष शाळांकडे असतात. त्यामुळे मैदानावरचे प्रॉप्स, नाचाची शैली, स्पीकरमधून येणारे आवाज हे सगळं कोअरमधून शाळांत झिरपलं आहे. त्यात बँड्स ऑफ अमेरिकाची नोव्हेंबरमधली मोठी शालेय स्पर्धाही त्याच लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते. मग एकाचा व्हिडिओ दुसऱ्याच्या नावाने फिरतो आणि आजीआजोबा कौतुकाने पुढे पाठवतात.

आता ज्या ठिकाणी मुलं खरोखर अडखळतात तिथे येऊ: ऑडिशन.

शाळेच्या बँडमध्ये मूल असतं ते त्या शाळेत शिकतं म्हणून. ऑडिशनने फक्त कुठला पार्ट, कुठली खुर्ची हे ठरतं. ऑल-स्टेटला ठरवून दिलेला एट्यूड, म्हणजे सरावाची रचना, महिनोनमहिने घासायचा, पडद्याआड बसलेल्या परीक्षकांना एकदा ऐकवायचा, गुण मिळतात, क्रमांक लागतो. आपल्या घरांत ही पद्धत अंगात मुरलेली आहे. गुण, मेरिट, कटऑफ. म्हणून आपण कोअरची ऑडिशनही तशीच समजतो आणि ऑडिशनसाठी कोअर देतं त्या सरावाच्या संचाबद्दल, म्हणजे पॅकेटबद्दल, मुलाला सांगतो, "पॅकेट पाठ कर, एकही चूक करू नकोस."

कोअरमध्ये पडदा नसतो. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार असा कॅम्प असतो, मुलं जिमच्या फरशीवर स्लीपिंग बॅगमध्ये झोपतात आणि शिकवणारे त्यांना दोन दिवस पाहत राहतात. आपली पाळी नसताना मूल कसं उभं राहतं, दुसऱ्याला सांगितलेली चूक स्वतःच्या हातात तपासून पाहतं का, पाण्याच्या ब्रेकवरून धावत परत येतं का, हे सगळं नजरेखालून जातं.

स्नेअरच्या, म्हणजे खणखणीत आवाजाच्या ड्रमच्या, खोलीत काय चालतं ते सांगते. सगळे अर्धवर्तुळात उभे, मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मोठ्या स्पीकरवर. वाजवायचं काय, तर एट्स: आठ ठोके उजव्या हाताने, आठ डाव्या. हे चौथीतलं पोरही वाजवेल. एक फेरी झाली की शिकवणारा एकाला म्हणतो, "डावी काठी उजवीइतकी वर येत नाहीये." पुन्हा तोच टेम्पो, पुन्हा तेच ठोके. आता तो बघतो की पुढच्याच फेरीत डावी काठी वर आली का. मग तो दुसऱ्या मुलांकडे वळतो. थोड्या वेळाने, कुणाचं लक्ष नाही असं वाटत असताना, तो परत नजर टाकतो: ती काठी अजून वर आहे, की जुन्या सवयीने खाली उतरली? निवड या दुसऱ्या नजरेत होते. पहिल्या फेरीत सर्वांत स्वच्छ वाजवणारा, पण दोन दिवसांनंतरही अगदी तसाच वाजवणारा मुलगा घरी जातो. सुरुवातीला डगमगणारी, पण सांगितलेलं लगेच हातात उतरवून तिथेच टिकवणारी मुलगी कॉलबॅकला, म्हणजे पुढच्या फेरीला, येते.

यामागे सरळ कारण आहे. कोअर जून ते ऑगस्ट एकच शो करतं, साधारण अकरा-बारा मिनिटांचा, आणि तो शेवटपर्यंत बदलत राहतो. दुपारी उन्हात नवा शेवट बसवायचा आणि त्याच रात्री तो प्रेक्षकांसमोर करायचा, हे नेहमीचं. गुण शंभरपैकी: चाळीस जनरल इफेक्टला (एकूण परिणामाला), तीस व्हिज्युअलला (दिसण्या-हलण्याला), तीस संगीताला. वरच्या कोअरमधलं अंतर कधी कधी दशांशात असतं. तिथे सांगितलेलं एकदाच सांगावं लागेल असं मूल हवं असतं.

दुसरी गोष्ट जागांची. शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेटवाले वाढले तर रांग लांबते. कोअरमध्ये सभासदांची संख्या नियमाने बांधलेली असते आणि प्रत्येकाची मैदानावरची जागा पावलापावलाने लिहिलेली असते: पाच यार्डांत आठ पावलं, एक पाऊल साडेबावीस इंच. एक माणूस जास्त झाला तर त्याला उभं राहायला ठिकाणच नसतं. स्नेअरच्या जागा साधारण आठ ते दहा, टेनरच्या (एकाने अंगावर घेऊन वाजवायचा ड्रमचा संच) चार-पाच, बेस ड्रमच्या पाच. त्यातल्या बऱ्याच गेल्या वर्षीच्या मुलांनी आधीच धरलेल्या असतात. म्हणजे खोलीत कितीही जण असोत, खऱ्या रिकाम्या जागा दोन किंवा तीनच असू शकतात. गणेशोत्सवाआधी पुण्यातल्या ढोल पथकात उत्साही नवख्याला जसं सामावून घेतात, तसा वाव इथे नाही.

बेस ड्रमचं तर आणखी निराळं. पाच वेगवेगळ्या आकारांचे ड्रम, पाच माणसं, आणि एकच सलग ओळ पाचांत वाटलेली. एकाच्या वाट्याला एखादाच ठोका येतो, पण तो शेजाऱ्याच्या ठोक्याला असा चिकटून यायला हवा की ऐकणाऱ्याला एकच माणूस वाजवतोय असं वाटावं. एकट्याने सोलो झकास वाजवणारा मुलगा इथे सपशेल अडतो आणि मग त्याच्या पालकांना वाटतं की पक्षपात झाला. पक्षपात नाही, त्याची परीक्षाच निराळ्या गोष्टीची होती.

ब्रासवाल्यांचीही तीच कथा पायांबाबत. लांब सूर धरून टाचा उचलून मागे मागे चालायचं, आवाज हलता कामा नये. शिवाय नाचाची शिकवणी. ऑल-स्टेटच्या खुर्चीत बसून मिळवलेलं कौशल्य इथे अर्धंच कामाला येतं, म्हणून शरद ऋतूभर मुलाला वाद्यासकट चालायला आणि धावायला लावा.

म्हणून मुलांना एकच सांगते. कॅम्पच्या शेवटी "पुन्हा या" म्हणाले तर त्याचा अर्थ खरंच पुन्हा या. पहिल्या कॅम्पनंतर काँट्रॅक्ट, म्हणजे पक्की जागा, न मिळणं ही रोजची गोष्ट आहे. कॅम्पनंतर शिकवणाऱ्यांनी सांगितलेलं किंवा लिहून दिलेलं गुणपत्रिकेपेक्षा मोलाचं आहे, ते घेऊन पुढच्या कॅम्पला जा. सरळ नकार आला तर दुसऱ्या कोअरकडे जा. एकीकडे नाही म्हटलेली मुलं दुसरीकडे सहज लागतात.

काही पालक मुलाला एक वर्ष थांबवतात, "पुढच्या वर्षी ब्लू डेव्हिल्सच करू" म्हणून. हे मला अजिबात मान्य नाही. वयाची मर्यादा कुणासाठी थांबत नाही आणि मैदानावर घालवलेला एक उन्हाळा घरी केलेल्या वर्षभराच्या सरावाला भारी पडतो. ओपन क्लासच्या छोट्या कोअरमध्ये जागा मिळत असेल तर ती घ्या. तिथून मोठ्या कोअरमध्ये गेलेली मुलं भरपूर आहेत.

क्लॅरिनेट किंवा सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांना दार बंद असतं, हाही गैरसमज. अशी कितीतरी मुलं बॅरिटोन किंवा खांद्यावरचा कॉन्ट्रा ट्यूबा शिकून आत येतात, सूर आणि वाचन आधीच पक्कं असतं म्हणून. फ्रेंच हॉर्नवाले मेलोफोन उचलतात, मैदानावर हॉर्नची जागा तोच घेतो. ट्रम्पेटच्या रांगेत घुसण्यापेक्षा हा रस्ता मला शहाणपणाचा वाटतो.

पैशांचं स्पष्ट सांगते. कोअर मुलांना पगार देत नाही, मुलंच काही हजार डॉलर फी भरतात. त्यात बस, जेवण, शिक्षण येतं. झोपायला शाळांच्या जिमची फरशी. काही कोअरकडे मदतनिधी असतो, लाज न बाळगता विचारा. स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे उन्हाळ्यातल्या दौऱ्याआधीचा सलग सराव, मे महिन्यातच सुरू होतं, त्यामुळे बारावीतल्या मुलांचं ग्रॅज्युएशन आणि परीक्षा त्याला आडव्या येतात. काँट्रॅक्टवर सही करण्याआधी तारखा कोअरशी बोलून घ्या, मे महिन्यात रडारड नको.

आणि ऑडिशनच्या आधीच्या उन्हाळ्यात मुलाला घेऊन एखादा शो प्रत्यक्ष बघा. टेक्सासवाल्यांना जुलैत सॅन अँटोनियोचा अलामोडोम आहे, न्यू जर्सीवाल्यांना पेनसिल्व्हेनियातलं अॅलनटाऊन जवळ पडतं, तिथे वर्षानुवर्षं कोअर येत आले आहेत. तिकीट वरच्या रांगेचं काढा, खालून ड्रिल दिसत नाही. शोच्या दीड-दोन तास आधी पोहोचा आणि पार्किंग लॉटमध्ये वॉर्मअप करणाऱ्या ड्रमलाइनजवळ उभे राहा. तिथे तेच एट्स ऐकू येतील, तेच आठ ठोके उजव्याने, आठ डाव्याने, आणि सगळ्या काठ्या एकाच उंचीवर. ते पाहिल्यावर पॅकेट कसं वाजवायचं हे मुलाला कुणी वेगळं सांगावं लागत नाही.