आउटबोर्ड रूपांतर

आउटबोर्ड रूपांतर : होडीच्या पोटातले इंजिन, पंख्याचा (प्रॉपेलरचा) दांडा व सुकाणू काढून मागच्या उभ्या फळीवर (ट्रान्समवर) सुटे इंजिन टांगण्याचे काम. येथे विचार उत्तर अमेरिकेतील, सुमारे २० फुटांखालच्या अ‍ॅल्युमिनियम मासेमारी होड्यांचा केला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांच्या कारखान्यांतील पत्रा व रिव्हेटकाम होड्यांकडे वळले. ग्रमन या विमान कंपनीच्या कनू (वल्ह्याने चालणाऱ्या अरुंद होड्या) हे त्याचे परिचित उदाहरण.

सुट्या इंजिनाचा जनक कोण, यावर एकमत नाही. ग्यूस्ताव्ह त्रूव्हे याने १८८१ मध्ये पॅरिसला सेन नदीत विजेवर होडी चालवली. मोटार, पंखा आणि सुकाणू यांचा त्याचा संच एकत्र काढून घेता येई. हीच कसोटी मानली तर अग्रमान त्याचा. पेट्रोलवरचे सुटे यंत्र न्यूयॉर्कच्या अमेरिकन मोटर्स कंपनीने १८९६ च्या सुमारास तयार केले असावे. डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमनने १९०५ मध्ये आपले यंत्र चालवून पाहिले व १९०७ मध्ये पेटंट मिळवले. लोकप्रिय लेखनात मात्र श्रेय जाते ते मिलवॉकीच्या, मूळ नॉर्वेच्या ओले एव्हिनरूडला (१९०९). कालक्रम पाहता हे पूर्ण पटत नाही. तथापि आडवा सिलिंडर, उभा क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरता दांडा) आणि पाण्याखाली बेव्हल गिअर (फिरण्याची दिशा वळवणारी दातेरी चाके) ही त्याची मांडणी रूढ झाली, म्हणून आजच्या इंजिनाचा वंश त्याच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. व्होल्व्हो पेंटाने १९५९ मध्ये आणलेला स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पंख्याचा पाय बाहेर) काढून सुटे इंजिन लावण्यालाही आउटबोर्ड रूपांतरच म्हणतात. त्यात फळीचे मोठे भोक बुजवावे लागते.

कामाचा खरा भार फळीवर येतो. आतल्या इंजिनाचे वजन तळाच्या पट्ट्यांवर असते आणि दांड्याचा रेटाही तळालाच मिळतो. सुट्या इंजिनाचे वजन आणि रेटा दोन्ही फळीच्या माथ्यावर येतात, शिवाय लाटेच्या प्रत्येक आदळीला ती पिळली जाते. म्हणून फळी तळाच्या पट्ट्यांना तिरक्या आधारांनी जोडतात. जुनी फळी उघडली की पुष्कळदा आतले प्लायवुड काळे, बोटाने दबणारे निघते. पत्र्यावर पांढरी भुकटी असते, ती खरडली की खाली टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसतात. नव्या फळीसाठी तांब्याचे क्षार मुरवलेले लाकूड घेऊ नये. ओल लागताच ते अ‍ॅल्युमिनियम खाते. दांड्याचे भोक ५०८६ सारख्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या पत्र्याने बंद करून जोड ५३५६ क्रमांकाच्या अ‍ॅल्युमिनियम तारेने वेल्ड करतात. नंतर होडी ट्रेलरवरच ठेवून आत थोडे पाणी ओततात आणि खालून जोडाला कोरडे फडके लावतात. थेंब तिथेच दिसतो.

फळीची उंची साधारण १५, २० किंवा २५ इंच ठेवतात, त्यानुसार इंजिनाच्या पायाची लांबी निवडावी लागते. पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा किंचित वर हवी. तळाखालचा मधला कणा मागेपर्यंत आला असेल तर शेवटी कापतात, एरवी त्याच्या मागचे बुडबुडे थेट पंख्यात जातात.

वजन मध्यातून मागे सरकते आणि होडी मागे बसते. टाकी व बॅटरी पुढे नेऊन ते अंशतः सावरता येते. याहून गंभीर प्रश्न तरंगण्याचा आहे. अमेरिकी तटरक्षक दलाचे नियम २० फुटांखालच्या आतल्या इंजिनाच्या होडीने पाणी भरल्यावर तरंगत राहावे, एवढेच मागतात. २ अश्वशक्तीवरील सुट्या इंजिनाच्या होडीने मात्र माणसांसह जवळजवळ सपाट तरंगले पाहिजे. म्हणजे रूपांतरित होडीत तरंगण्यासाठी भरलेला जुना फोम अपुरा ठरतो आणि ती मागून बुडून नाक वर करून उभी राहू शकते. हे नियम उत्पादकांसाठी असले तरी घरी काम करणाऱ्याने ते पाळावेतच. शक्तीची मर्यादाही त्यांत सूत्राने दिली आहे : लांबी व फळीची रुंदी (फुटांत) यांचा गुणाकार दुप्पट करून ९० वजा करावे. १६ × ५ फुटांच्या होडीस हे ७० अश्वशक्ती भरते. मात्र ही सवलत दूरचे सुकाणू (इंजिनापासून दूर बसून चाकाने वळवणे) व किमान २० इंच उंच फळी असल्यासच. नसल्यास गोल किंवा व्ही-तळाला ४० च्या आसपास.

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर सुटे इंजिन परिचित आहे, पण ते मुख्यतः लाकडी व फायबरच्या होड्यांवर.