शेजाऱ्याची खटारा गाडी रस्त्यावरून हलवायची आहे? तक्रार कुठे, कागद कोणते आणि ती 'निकाली' का निघते

चारही टायर बसलेले, काचेवर धुळीचा थर, खाली मांजरीची पिल्लं आणि भोवती कचरा, कारण झाडूवाला तेवढी जागा सोडून झाडतो. अशी एखादी मारुती किंवा स्कूटर मुंबईतल्या बहुतेक गल्ल्यांत आहे, आणि तिचा मालक दुसऱ्या मजल्यावर राहतो हेही सगळ्यांना ठाऊक असतं. महानगरपालिका अशा गाड्या उचलते, वाहतूक पोलीसही उचलतात. तरी रहिवाशांच्या तक्रारी एकामागून एक 'निकाली' निघतात आणि गाडी जागच्या जागी राहते. अर्ज लिहिणं सोपं आहे. तो कुठे अडतो हे आधी समजून घेतलं तर फेऱ्या वाचतील.

जागा कोणाची आहे?

सगळ्यात जास्त तक्रारी इथेच पडतात. गाडी पालिकेच्या रस्त्यावर किंवा पदपथावर असेल तर वॉर्ड ऑफिस आणि वाहतूक पोलीस, दोघांकडे जाता येतं. सोसायटीच्या कंपाउंडमध्ये असेल तर दोघंही हात वर करतील, आणि ते बरोबरच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२७ सार्वजनिक जागेपुरतंच आहे. आतल्या गाडीचा विषय व्यवस्थापक समितीचा: सभासदाला लेखी नोटीस, सर्वसाधारण सभेचा ठराव आणि तरीही ऐकलं नाही तर उपनिबंधक किंवा सहकार न्यायालय. ते वेगळं रामायण आहे, इथे नको.

खरी गोची मधल्या जागांची. म्हाडा वसाहतीतला अंतर्गत रस्ता, रस्तारुंदीत सोडलेली पण अजून ताब्यात न दिलेली पट्टी, पोर्टच्या हद्दीतली गल्ली. तिथे "हा रस्ता आमच्याकडे नाही" असं तोंडी सांगून वाटेला लावतात. वाद घालत बसू नका, हेच लेखी द्या म्हणून सांगा. लेखी मागितल्यावर पुष्कळदा रस्ता कोणाचा ते अचानक आठवतं.

पोलीस ठाण्यासमोर गंजत पडलेल्या गाड्यांबद्दल पालिकेला लिहून उपयोग नाही. त्यातल्या बऱ्याचशा खटल्यांतला मुद्देमाल असतात आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्यांना कोणी हात लावत नाही.

वॉर्डही तपासा. दादर पश्चिम जी उत्तरमध्ये येतं, रूळ ओलांडून हिंदू कॉलनीत गेलात की एफ उत्तर. पोलीस ठाण्याची हद्द निराळी आणि वाहतूक चौकीची त्याहून निराळी. चुकीच्या वॉर्डात पडलेला अर्ज योग्य वॉर्डात पाठवतील अशी आशा धरू नका. तो तिथेच बंद होतो.

तक्रार नोंदवणं

१९१६ वर फोन करा किंवा पालिकेच्या अ‍ॅपवर नोंदवा. तक्रार क्रमांक मिळतो. शिवाय वॉर्डाच्या सहायक आयुक्तांच्या नावाने एक पत्र आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. तीच प्रत वाहतूक चौकीत. इतकंच.

ही दुहेरी खटपट अशासाठी, की अ‍ॅपवरची तक्रार एका बटणाने बंद होते. आवक क्रमांक पडलेलं पत्र बंद करायला कोणाला तरी त्यावर शेरा लिहावा लागतो.

पत्रात गाडीचा नंबर, रंग, बनावट, नेमकी जागा (इमारतीचं नाव, समोरचं दुकान, दिव्याच्या खांबाचा क्रमांक) आणि फोटो हवेत. फोटोबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक जण एकच देतात. एका फोटोवरून गाडी आज तिथे उभी आहे एवढंच कळतं. दोनतीन आठवड्यांच्या अंतराने, त्याच कोनातून, तारखेसह काढलेले फोटो द्या. त्यात बसलेले टायर, चाकाभोवती उगवलेलं गवत, फुटलेली काच आणि नंबरप्लेट दिसली पाहिजे. नंबरप्लेट नसेल तर तसं स्पष्ट लिहा. चेसिस नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक) शोधायला दुसऱ्याच्या गाडीचं बॉनेट उघडू नका.

एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की नोंदणीची वैधता, विमा आणि पीयूसीची स्थिती दिसते. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, पण आपल्याला नाव ठाऊकच असतं. ती माहिती पत्राला जोडा. एमएचच्या आधीच्या जुन्या मालिकेतला नंबर असेल तर अ‍ॅपवर बहुधा काही सापडणार नाही. त्याचा अर्थ गाडी चोरीची आहे असा नव्हे.

पावसाळ्यात आणखी एक वाट आहे. टायरमध्ये किंवा फुटलेल्या टपातून आत पाणी साचत असेल तर त्याच वॉर्डाच्या कीटकनाशक विभागाकडे डासांची स्वतंत्र तक्रार करा. डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत त्यांची माणसं येतात, आणि त्यांनी मालकाला बजावलेली नोटीस आपल्या पहिल्या तक्रारीला बळ देते.

शेजाऱ्याशी वैर नको म्हणून निनावी तक्रार करावी असं पुष्कळांना वाटतं. निनावी तक्रारीचा पाठपुरावा कोणी करू शकत नाही, हे लक्षात घ्या. त्यापेक्षा सोसायटीच्या किंवा चाळ कमिटीच्या लेटरहेडवर, सेक्रेटरीच्या सहीने पत्र जाऊ द्या. कोणा एकाचं नाव पुढे येत नाही.

'निकाली' म्हणजे काय झालं?

बेवारस वाहनाची तक्रार केलीत, माणूस आला, त्याने वॉचमनला विचारलं, वॉचमन म्हणाला, "ही तर साठेकाकांची गाडी." झालं. मालक आहे, वाहन बेवारस नाही, तक्रार बंद. म्हणून फक्त 'बेवारस' लिहून थांबू नका. 'वापरात नसलेलं, नादुरुस्त, सार्वजनिक रस्त्यावर अडथळा करणारं वाहन' असं लिहा आणि अडथळा कसला तेही सांगा: अग्निशमनाचा बंब वळत नाही, कचऱ्याची गाडी आत येत नाही, पदपथ अडल्याने शाळेची मुलं रस्त्यावरून चालतात. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३१४ प्रमाणे रस्त्यात बेकायदा टाकून ठेवलेली वस्तू हटवण्याचा अधिकार पालिकेला आहे, आणि तिथे मालक कोण हा प्रश्न नंतरचा. कलमाचा उल्लेख पत्रात करा. कलम दिसलं की शेरा जरा जपून लिहितात.

दुसरा प्रकार: गाडीवर नोटीस चिकटली, मालकाने टायरमध्ये हवा भरली, काच पुसली आणि पोरांना बोलावून गाडी दहा फूट पुढे ढकलली. पाहणीला आलेला माणूस लिहितो, 'वाहन नमूद ठिकाणी आढळले नाही.' असं झालं तर नवी तक्रार करू नका. नव्या तक्रारीला नवा क्रमांक मिळतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. जुना आवक क्रमांक टाकून स्मरणपत्र द्या आणि सोबत नव्या जागेचा फोटो जोडा.

चुकीच्या वाचलेल्या मुदती

कलम १२७ मधले 'दहा तास' व्हॉट्सअ‍ॅपवर फार फिरतात. लोक चौकीत जाऊन हवालदाराला म्हणतात, दहा तास होऊन गेले, उचला. कायदा असा आहे की सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ सोडून दिलेलं वाहन टो करायला हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी परवानगी देऊ *शकतो*. उचललंच पाहिजे असं त्यात नाही. वाहन वाहतुकीला धोका ठरत असेल तर मात्र दहा तासांचीही वाट पाहावी लागत नाही. टोइंगचा खर्च मालकाच्या माथी, हेही त्याच कलमात आहे.

पालिकेच्या नोटिशीची मुदत तिच्यावरच छापलेली असते. कधी ४८ तास, कधी ७२ तास असतात. ती नोटीस चिकटवल्यापासून मोजायची. आपण तक्रार केली त्या तारखेपासून नव्हे. म्हणून नोटीस चिकटल्याच्या दिवशीच तिचा फोटो काढून ठेवा. पाऊस पडला किंवा मालकाने फाडली की पुरावा गेला.

आता १५ वर्षं. "पंधरा वर्षं झाली, गाडी बेकायदा आहे" हे वाक्य प्रत्येक तिसऱ्या अर्जात असतं आणि दरवेळी अर्ज कमकुवत करतं. वयावरून गाड्या बंद करण्याचा नियम दिल्लीच्या परिसरातला आहे. मुंबईत खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पण तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती ५ वर्षांसाठी वाढवता येते. टॅक्सीला २० वर्षांची अट आहे, म्हणूनच ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवला नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून बाद झाली. ती अट साठेकाकांच्या मारुतीला लागू नाही. शिवाय नोंदणी संपलेली गाडी *चालवणं* हा गुन्हा आहे. ती नुसती उभी आहे यावर पोलीस बोट ठेवत नाहीत. अर्जात भर अडथळ्यावर द्या, वयावर नको.

आणि स्वतः काही करू नका. भंगारवाल्याला बोलावून परस्पर गाडी देणं ही चोरी आहे (भारतीय न्याय संहिता, कलम ३०३), काचा फोडणं किंवा टायर कापणं हे आगळीक (कलम ३२४). गाडी दीड दमडीची असली तरी गुन्हा तो गुन्हाच.

गाडी मालकालाही नको असते

हे सगळं करण्याआधी एकदा वर जाऊन दार वाजवा. अशा गाड्यांमागे बहुधा हट्ट नसतो, कागद अडलेला असतो. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असते, आरसी पुस्तक सापडत नाही, किंवा आरसीवर कर्जाचा बोजा तसाच राहिलेला असतो. मालकाला लाज वाटते, तो विषय टाळतो आणि गल्लीला वाटतं माणूस माजला आहे.

आरसी हरवली असेल तर पोलिसांकडे गहाळ झाल्याची नोंद करून आरटीओत नमुना २६ भरून दुय्यम प्रत घ्यावी लागते. नोंदणी जिथली, ते आरटीओ: एमएच ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली. फार जुनी पुस्तकी नोंद संगणकावर चढलेलीच नसेल तर आधी ती चढवून घ्यावी लागते. काउंटरवर "गाडी दिसत नाही" म्हणाले तर तोच अर्थ, घाबरून परत येऊ नका.

बोजा उतरवायला बँकेचं नाहरकत पत्र आणि बँकेच्या सहीचा नमुना ३५ लागतो. कर्ज वीस वर्षांपूर्वी फिटलं, पण नाहरकत पत्र कोणी घेतलंच नाही, अशी कितीतरी घरं आहेत. बँकच विलीन झाली असेल तर पुढच्या बँकेत जायचं. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदामध्ये गेली, तेव्हा तिचं पत्र आता बडोदाच देणार. जुना कर्ज खाते क्रमांक सापडला तर काम निम्मं होतं, म्हणून आरसीआधी तो शोधा.

मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर नमुना ३१ ने गाडी चढते. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांची नाहरकत प्रतिज्ञापत्रावर. नियमाप्रमाणे हा अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. उशीर झाला म्हणून वाट बंद होत नाही, पण अमेरिकेतल्या भावाची सही ज्या घरात आठ महिने येत नाही, त्या घराबाहेरची गाडी आठ महिने हलत नाही.

कागद जुळले की नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी देता येते. २०२१ च्या नियमांखाली ही केंद्रं चालतात आणि त्यांची यादी परिवहन खात्याच्या व्ही-स्क्रॅप पोर्टलवर मिळते. आरसी, पॅन, ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक न्यावा. थकलेली ई-चलनं आधी बघून घ्या. गाडी दारातून उचलणार का आणि टो करण्याचे पैसे किमतीतून कापणार का, हे फोनवरच विचारा. चेसिस नंबर कागदाशी जुळला नाही तर घेत नाहीत, म्हणून "पत्रा गंजलाय, कापून टाकू" म्हणत तो भाग आधीच तोडू नका.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडी विकून रोख पैसे घेणं मालकाला सोपं वाटतं. गाडी जाते, नोंदणी मात्र त्याच्याच नावावर जिवंत राहते. तो नंबर उद्या दुसऱ्या कुठल्या गाडीवर लागला तर चलन आणि पोलीस दोन्ही त्याच्याच दारात. केंद्राकडून ठेव प्रमाणपत्र (गाडी तिथे जमा झाल्याचा दाखला) घ्यायचं आणि एम-परिवहनवर नोंदणी रद्द दिसेपर्यंत अधूनमधून तपासत राहायचं.

काहीच हललं नाही तर

माहितीचा अधिकार वापरा. वॉर्डाच्या जन माहिती अधिकाऱ्याला अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. गल्लीची सगळी कैफियत मांडलेले अर्ज याच कारणाने परत येतात. एवढंच विचारा: अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर काय कार्यवाही झाली, पाहणी कोणत्या तारखेला झाली, पाहणी करणाऱ्याचं पद आणि शेऱ्याची प्रत. गाडी का उचलली नाही, असं विचारू नका. 'का'चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत आणि तेवढ्या एका शब्दावर अख्खा अर्ज फेटाळतात. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.