‘सिरॅमिक प्लेट असली की केस जळत नाहीत’ : खुलासा

सिरॅमिक स्ट्रेटनरने केसांना इजा होत नाही, असा समज फार जुना आहे. त्यात तथ्य एवढंच, की सिरॅमिकमुळे उष्णता प्लेटभर सारखी पसरते. केस जळतात ते तापमानामुळे. २२० अंशांवरची प्लेट कशाचीही असो, केस कोरडे पडून तुटतात.

म्हणून घेताना आधी तापमान कमी-जास्त करता येतं का ते बघा. नुसतं चालू-बंदचं बटण असेल तर नकोच. पातळ केसांची एक बट १५० अंशांवर, सावकाश एकदाच ओढून पाहा. सरळ झाली तर वर जायची गरज नाही. चर्र आवाज आला तर केस ओले आहेत, थांबा.

शिवाय बऱ्याच प्लेटींवर सिरॅमिकचा नुसता मुलामा असतो. कडेला तो उडाला की केस अडकतात.