डिजिटल पाकीट : स्वीकारामागची कारणे

मोबाईलमध्ये आगाऊ पैसे भरून त्यातून देणी भागवण्याची सोय म्हणजे डिजिटल पाकीट किंवा वॉलेट. २०१६ साली आलेल्या यूपीआयमध्ये पैसे थेट बँक खात्यातून जातात, म्हणून काटेकोर अर्थाने ते पाकीट नव्हे. लोक मात्र दोन्ही एकच धरतात. कोल्हापुरात कोणत्याही ॲपने पैसे दिले तरी ‘फोनपे केलं’ म्हणतात, आणि क्यूआर कोडला ‘स्कॅनर’.

नवे तंत्र लोक कधी उचलतात, याविषयी अमेरिकी संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये दोन कारणे मांडली: ते उपयोगाचे वाटणे आणि सोपे वाटणे. विकसनशील देशांत याला विश्वासाची जोड लागते. केनियात २००७ मध्ये सुरू झालेले एम-पेसा हे मोबाईलवरून पैसे पाठवण्याचे तंत्र रुजले, कारण शहरातून पाठवलेले पैसे गावातला एजंट रोख हातात देई. भारतात तेच २०१३ मध्ये आले आणि २०१९ मध्ये बंद पडले.

नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीने भारतीयांना पाकिटाकडे ढकलले. सवय टिकवली ती विक्रेत्यांनी. सुट्ट्या पैशांची कटकट मिटली, आणि जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क उरले नाही, त्यामुळे दहा रुपयांची कोथिंबीरही त्यावर विकणे परवडते. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत जुडी पिशवीत पडली तरी भाजीवाल्या मावशींचा हात पिशवीवरच असतो. पैसे जमा झाल्याचे सांगणारा स्पीकर ‘दहा रुपये’ बोलला की मग पिशवी सुटते. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरची हिरवी खूण पुरत नाही, कारण खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारेही असतात.

खाते कोणाच्या नावावर, हा प्रश्न मात्र सोयीहून मोठा आहे. स्कॅनर नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्याला जोडलेला असला, की दिवसभराची विक्री बाईच्या कनवटीला न येता दुसऱ्याच्या मोबाईलवर जमा होते. पहाटे माल उचलायला तिला स्वतःच्याच कमाईसाठी हात पसरावा लागतो. अशी बाई नोट मागते ती हिशेब कळतो म्हणून. तिला अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे.

फसवणुकीची भीतीही खरी आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढे पक्के ठाऊक असले तरी बरेच जण वाचतात. साध्या फोनवाल्यांसाठी मार्च २०२२ मध्ये इंटरनेटशिवाय चालणारे यूपीआय १२३पे आले. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरात वीज व नेटवर्क गेले, तेव्हा उपयोगी पडली ती डब्यातली रोकड.