मत माझं, नजर भावकीची

२०२४ च्या अमेरिकी निवडणुकीच्या आगेमागे एक बातमी आपल्याकडच्या वाहिन्यांवरही फिरत होती: कृष्णवर्णीय तरुण डेमोक्रॅटिक पक्षाला रामराम ठोकत आहेत. चर्चेत एक जण म्हणाला, लाट फिरली. दुसरा म्हणाला, छे, ते लोक जन्मजात डेमोक्रॅट, कुठे जातात!

आधी लाटेचं बघू. हजार जणांच्या पाहणीत लोकसंख्येच्या प्रमाणात कृष्णवर्णीय येतात साधारण १३०. त्यांतले १८ ते २९ वयाचे पंचवीस-सव्वीस, आणि त्यांतले पुरुष निम्मे, म्हणजे तेराच. तेरा जणांच्या उत्तरात नमुन्याची चूक दोन्ही बाजूंना २५ टक्क्यांहून जास्त असते. काही संस्था या गटातली माणसं मुद्दाम जास्त घेतात, त्यांचे आकडे वेगळे. पण पुष्कळ सनसनाटी मथळे अशाच तेरा-चौदा माणसांच्या खांद्यावर उभे असतात.

‘जन्मजात’ हा शब्द त्याहून वाईट. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये हिशेब मांडला, की माणसांमधल्या एकूण जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकाच समूहाच्या आत सापडते. त्वचेच्या रंगावरून पक्ष सांगणं आणि कुंडलीवरून पक्ष सांगणं, दोन्ही एकाच माळेचे मणी.

तरीही एक आकडा हटत नाही. १९६४ पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत ८० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय मतदारांनी डेमोक्रॅटिक उमेदवाराला मत दिलं आहे. याच काळात त्यांच्यात डॉक्टर, वकील, उद्योजक असा मध्यमवर्ग वाढला. स्वतःला पुराणमतवादी विचारांचे म्हणवणारेही पुष्कळ आहेत. गोऱ्यांमध्ये असे लोक बहुतांशी समोरच्या रिपब्लिकन पक्षाकडे जातात. इथे तसं होत नाही. का?

शिकागो विद्यापीठाचे राज्यशास्त्रज्ञ मायकेल डॉसन यांनी १९९४ मध्ये एक उत्तर दिलं. त्यांच्या मांडणीचा आधार पाहणीतला एक साधा प्रश्न होता: या देशात कृष्णवर्णीयांचं जे होतं, त्याचा तुमच्या आयुष्याशी काही संबंध आहे असं वाटतं का? बहुसंख्य ‘हो’ म्हणतात. म्हणजे ‘माझं हित कशात’ हे प्रत्येक वेळी बसून मोजण्यापेक्षा ‘आपल्या लोकांचं हित कशात’ हे बघणं सोपं, आणि वंशभेदाच्या देशात बहुधा बरोबरही. याला आपण जोडलेलं नशीब म्हणू.

उत्तर पटतं, पण त्यात एक भोक आहे. समूहाचं हित सगळ्यांना हवं असलं, तरी त्यासाठी स्वतःच्या खिशाला चाट लावायला प्रत्येक जण का तयार होईल? माझ्या एकट्याच्या मताने काय फरक पडतो, असं म्हणून निसटता येतंच की.

हे भोक बुजवणारा प्रयोग मला अतिशय आवडतो. इस्माइल व्हाइट, श्रिल लेअर्ड आणि ट्रॉय ॲलन या अभ्यासकांनी तो २०१२ मध्ये, डेमोक्रॅट ओबामा आणि रिपब्लिकन रॉमनी यांच्या लढतीच्या वेळी केला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शंभर डॉलर दिले. हे पैसे ओबामा किंवा रॉमनी यांच्या प्रचाराला हवे तसे वाटून द्यायचे. काहींना नुसतंच एवढं सांगितलं. काहींना आमिष दाखवलं: रॉमनींना दिलेल्या प्रत्येक दहा डॉलरमागे एक डॉलर तुमच्या खिशात. तिसऱ्या गटाला तेच आमिष, पण वर एक ओळ: कोणी कोणाला किती दिले, ते नावानिशी कॉलेजच्या वर्तमानपत्रात छापलं जाईल.

आमिष लागू पडलं. रॉमनींकडे जाणारे पैसे वाढले. आणि छापण्याची गोष्ट निघताच ते पुन्हा खाली आले. लग्नात आहेराची वही उघडून कोणी बसलेलं असलं की पाकिटातली रक्कम कशी आपोआप सुधारते, तसंच.

कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरत असल्याने हा फरक मुलांच्या स्वभावाचा नाही, त्या एका ओळीचा आहे. नुसत्या पाहणीत ही खात्री नसते. २०१२ च्याच राष्ट्रीय निवडणूक अभ्यासात समोरासमोर उत्तरं देणाऱ्या कृष्णवर्णीयांमध्ये स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणारे इंटरनेटवर उत्तर देणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले. ते प्रश्नकर्त्याच्या नजरेमुळे, की इंटरनेटवर येणारी माणसंच मुळात वेगळी होती म्हणून? आकड्यांकडे बघून दोन्ही वेगळं काढणं अवघड. प्रयोगात ते निघतं.

आणि नजर कोणाचीही चालत नाही, ती आपल्यातल्याची लागते. त्यामुळे माणसाचा गोतावळा जितका आपल्याच लोकांचा, तितका हा दाब जास्त. वेगळ्या वस्त्या, वेगळी चर्च, वेगळी कॉलेजं हे सगळं अमेरिकेतल्या वंशभेदानेच उभं केलं, आणि त्याच जागांतून एकजूट आली. १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरोच्या वूलवर्थ दुकानात फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या खाण्याच्या काउंटरवर चौघे विद्यार्थी जाऊन बसले, ते नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातले होते. पुढच्या दिवसांत आणखी मुलं येत गेली. वसतिगृहातला शेजारी जाऊन बसतोय म्हटल्यावर आपण खोलीत अभ्यास करत राहणं तितकंसं सोपं नसतं. (अमेरिकेतल्या ऑकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी करणारेही तरुणच होते. तिथे कोणाची नजर काम करत होती, हे कोणी तरी नीट तपासायला हवं.)

म्हणून तरुणांबाबत अंदाज असा निघतो: ज्याचा गोतावळा मिश्र, चर्चशी संबंध कमी, त्याच्यावरचा दाब कमी, आणि पक्ष बदलणं सोपं. यात बंडखोरी बघायची गरज नाही. वही उघडून बसणारं कोणी नाही, एवढंच.

मतदानाला जाणं मात्र निराळं. २००८ मध्ये ओबामांच्या वेळी १८ ते २४ वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ५५ टक्क्यांनी मत दिलं, त्या वयाच्या गोऱ्यांहून जास्त. २०२४ साठी टफ्ट्स विद्यापीठातल्या संस्थेचा अंदाज १८ ते २९ वयोगटात गोरे ५५ आणि कृष्णवर्णीय ३४ टक्के असा आहे. वयोगट आणि मोजण्याच्या रीती वेगळ्या असल्याने हे आकडे एकमेकांतून वजा करू नयेत. तरी आजची दरी मोठी आहे, आणि ती निव्वळ उदासीनतेची नाही. फोनच्या ठावठिकाणाच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात २०१६ मध्ये पूर्ण कृष्णवर्णीय वस्तीतल्या मतदाराला पूर्ण गोऱ्या वस्तीतल्यापेक्षा २९ टक्के जास्त वेळ रांगेत थांबावं लागल्याचं दिसलं. टेक्सासच्या २०११ च्या कायद्याने मतदानासाठी ओळखपत्र म्हणून बंदुकीचा परवाना चालवून घेतला, विद्यापीठाचं कार्ड नाही. आणि त्याच ए अँड टी कॉलेजच्या आवारातून २०१६ मध्ये मतदारसंघाची हद्द गेली: लॉरेल स्ट्रीटच्या एका बाजूला सहावा मतदारसंघ, दुसऱ्या बाजूला तेरावा. एकगठ्ठा पडू शकणारी मतं दोन्हीकडे अल्पसंख्य झाली. २०२० च्या निवडणुकीआधी नकाशा बदलला.

पोलिसांचाही हिशेब यात धरावा लागतो. वेस्ला वीव्हर आणि एमी लर्मन यांच्या २०१० च्या अभ्यासानुसार अटक, खटला, तुरुंग अशी पायरी चढत जाईल तशी मतदानाची शक्यता घसरते. पण हॅना वॉकर यांना आढळलं, की ज्यांचा भाऊ किंवा मित्र या चक्रात सापडला आणि ज्यांना तो सरळ अन्याय वाटतो, असे लोक सभा, मोर्चे, सह्यांच्या मोहिमा यांत इतरांपेक्षा जास्त दिसतात.