लॅक्टिक ॲसिडवरचा आरोप कोठून आला?

जोरात धावताना पोटऱ्या पेटल्यासारख्या होतात, किंवा बऱ्याच दिवसांनी उठाबशा काढल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही, तेव्हा ‘स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साठले’ हे स्पष्टीकरण व्यायामशाळेत हमखास ऐकायला मिळते. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्यापुरते ते साफ चुकीचे आहे आणि धावतानाच्या थकव्यापुरते फार तर अर्धवट खरे. मात्र हा समज अडाणीपणातून आलेला नाही. त्यामागे त्या काळातले अव्वल दर्जाचे संशोधन आणि एक नोबेल पारितोषिक आहे. ते प्रयोग नीट केलेले होते. ते कशावर केले होते, एवढे मात्र पुढे विसरले गेले.

कार्ल शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७८० साली आंबलेल्या दुधातून हे आम्ल वेगळे काढले. पुढे बर्झेलियस या दुसऱ्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला ते मांसातही सापडले आणि १८५९ मध्ये बर्लिनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ द्यू ब्वा-रेमाँ यांनी काम करणारा स्नायू आम्लधर्मी होतो, असे दाखवले. मोजमापांचा मेळ मात्र कोणालाच घालता येत नव्हता, कारण स्नायू कापून कुटताना त्या हाताळणीनेच लॅक्टिक ॲसिड तयार होई आणि विश्रांतीतला स्नायूही थकलेल्यासारखा दिसे. केंब्रिजच्या वॉल्टर फ्लेचर आणि फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी १९०७ मध्ये ही अडचण फार साध्या युक्तीने सोडवली: बेडकाचा स्नायू त्यांनी बर्फासारख्या थंड अल्कोहोलमध्ये टाकला आणि आतली रासायनिक क्रिया जागच्या जागी थांबवली. तेव्हा दिसले की ताज्या, विसावलेल्या स्नायूत हे आम्ल जेमतेम असते, विजेचे झटके देऊन स्नायू थकवला की ते भराभर वाढते, आणि तोच स्नायू ऑक्सिजनमध्ये ठेवला की ते नाहीसे होऊ लागते.

या पायावर ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहोफ यांनी पुढची इमारत उभारली. हिल स्नायू आकुंचन पावताना निघणारी अत्यल्प उष्णता मोजत होते, तर जर्मनीत मायरहोफ ग्लायकोजेनपासून, म्हणजे स्नायूत साठवलेल्या साखरेपासून, लॅक्टिक ॲसिड किती बनते आणि ऑक्सिजन मिळाल्यावर त्याचे काय होते, याचा हिशेब लावत होते. १९२२ चे शरीरक्रियाशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. त्यानंतर हिल यांनी हा विचार बेडकावरून माणसावर आणला. धावणाऱ्या माणसाचा श्वास पाठीवरच्या पिशवीत गोळा करून, धावणे थांबल्यावरही बराच वेळ जास्तीचा ऑक्सिजन का लागतो, हे त्यांनी ‘ऑक्सिजनचे कर्ज’ या कल्पनेने समजावले: लॅक्टिक ॲसिड हे जणू उसने काढलेले काम आणि नंतरची धाप म्हणजे त्याची परतफेड. कल्पना इतकी सुटसुटीत होती की ती पाठ्यपुस्तकांतून क्रीडाप्रशिक्षकांपर्यंत सहज झिरपली. आम्लच स्नायूला आकुंचन पावायला लावते, असेही त्या काळी मानले जाई.

हा शेवटचा भाग फार टिकला नाही. १९३० मध्ये कोपनहेगनच्या आयनर लुंड्सगार्ड यांनी बेडकाच्या स्नायूला आयोडोॲसिटेट या विषाने असे बाधित केले की त्यात लॅक्टिक ॲसिड बनणेच बंद झाले. तरीही तो स्नायू काही काळ आकुंचन पावत राहिला, आणि खर्च होत होते ते फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे स्नायूतला ऊर्जा साठवणारा एक फॉस्फेटयुक्त पदार्थ. हा पदार्थ १९२७ मध्ये हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासह ज्यांनी ओळखला, ते येल्लाप्रगडा सुब्बाराव भीमावरमचे आणि मद्रासमध्ये वैद्यक शिकलेले. स्नायूंच्या इतिहासात त्यांचे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. १९२९ मध्ये एटीपीचाही, म्हणजे पेशी कामासाठी थेट वापरतात त्या ऊर्जावाहक रेणूचाही, शोध लागला. तो जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि हार्वर्डमध्ये याच जोडीने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे लावला. हिल यांनी १९३२ साली या साऱ्याला स्नायूशास्त्रातील क्रांती म्हटले. ज्याचा स्वतःचाच सिद्धान्त कोसळला होता, त्याने असे म्हणावे, हे दुर्मीळच.

आकुंचनाचे खरे यंत्र उलगडायला १९५४ साल उजाडले. त्या वर्षी ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाच्या एकाच अंकात, आडनाव सारखे पण नाते नसलेल्या दोन हक्स्लींनी, अँड्र्यू आणि ह्यू यांनी, आपापल्या सहकाऱ्यांसह दाखवले की मायोसिन आणि ॲक्टिन या स्नायूतल्या दोन प्रथिनांचे तंतू स्वतः आखडत नाहीत, तर एकमेकांवरून सरकतात. मायोसिन ॲक्टिनला जे ओढते, त्यासाठी एटीपी लागते. त्याचा साठा काही सेकंदांचाच असतो, म्हणून तो आधी फॉस्फोक्रिएटिनमधून आणि मग ग्लायकोजेनच्या विघटनातून सतत भरून काढावा लागतो. लॅक्टेट, म्हणजे शरीरात लॅक्टिक ॲसिड ज्या रूपात असते ते रूप, तयार होते ते या शेवटच्या वाटेवर.

येथेच बेडकाचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. शरीरातून काढलेल्या स्नायूत रक्त खेळत नाही, त्यामुळे तयार झालेले लॅक्टेट तेथेच अडकते. जिवंत माणसात ते रक्तात उतरते. यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते, आणि हृदय व शेजारचे स्नायुतंतू ते थेट इंधन म्हणून जाळतात. अमेरिकेतील बर्कलीचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉर्ज ब्रुक्स १९८० च्या दशकापासून हेच मांडत आले आहेत. शिवाय आम्लामुळे स्नायूचा जोर घटतो हे दाखवणारे बरेचसे प्रयोग थंड तापमानात झाले होते. शरीराच्या तापमानाजवळ तोच परिणाम पुष्कळ कमी दिसतो. २००१ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांना तर असे आढळले की पेशीबाहेर पोटॅशियम वाढल्याने दुबळ्या झालेल्या उंदराच्या स्नायूत लॅक्टिक ॲसिडने जोर परत आणला. तीव्र व्यायामात येणाऱ्या थकव्यासाठी आता फॉस्फोक्रिएटिन मोडताना सुटणारे फॉस्फेट आणि आकुंचनाचा इशारा देणारे कॅल्शियम पेशीत सुटण्यात येणारा अडथळा यांच्याकडे अधिक लक्ष दिले जाते. आम्लाचा वाटा शून्य आहे, असे मात्र कोणी म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी बोटांच्या स्नायूंवर काम करून, हे दुखणे स्नायूच्या आतील सूक्ष्म फाटण्यामुळे येत असावे, असे १९०२ मध्येच, म्हणजे फ्लेचर-हॉपकिन्स यांच्या पाच वर्षे आधी लिहून ठेवले होते. व्यायामानंतर वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपदावर येते, तर हे दुखणे एक ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचते. गड उतरताना मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. त्यात चढणीपेक्षा लॅक्टेट कमी बनते, आणि दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते बहुतांशी त्या उतरणीमुळेच.